सूतगिरणीतून बायोटेककडे: नागपुरात हे खरंच जमेल का? (अनुभवी लोकांनी लिहावं)

रिंगफ्रेम | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत मी सोळा वर्षं काढली. आधी डॉफर (भरलेल्या बॉबिन काढणारा), मग सायडर (तुटलेले धागे सांधणारा), शेवटची सहा वर्षं रिंग फ्रेम म्हणजे सूत कातायच्या यंत्रांच्या खात्यात जॉबर (मुकादम). डिसेंबरात दोन पाळ्या बंद झाल्या आणि आमच्या खात्यातले ४२ जण घरी बसले. त्यात १३ बाया आहेत. वयं तिशीपासून एक्कावन्नपर्यंत. बरेच जण दहावी-बारावी, नऊ जण आयटीआय, दोघी बी.ए.

मागच्या आठवड्यात एका खासगी प्रशिक्षण संस्थेने आम्हाला बोलावलं. तीन महिन्यांचा "बायोटेक टेक्निशियन" कोर्स, फी ३५,००० रुपये, नोकरीची हमी. मी विचारलं, नोकरी कोणत्या कंपनीत? उत्तर मिळालं, "मिहानमध्ये (आपल्या विमानतळाजवळचा औद्योगिक भाग), पुण्यात, हैदराबादेत, खूप मागणी आहे." कंपनीचं नाव असलेला एक कागद दाखवा म्हटलं, तर दाखवता आला नाही. आमच्यातल्या चौघांनी तरीही पैसे भरायची तयारी केली आहे. एक जण बायकोची पोत गहाण ठेवायला निघाला होता. त्याला दोन दिवस थांब म्हटलंय, म्हणून हा धागा.

कल्पना मला वाईट वाटत नाही. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली जमशेटजींनी ती उभारली तेव्हा या शहरात गिरणी कोणी पाहिली नव्हती. शेतातून आलेल्या माणसांना तिथे यंत्र शिकवलं गेलं. रिंग स्पिंडल त्या वेळी नवी होती, ती देशात आधी वापरणाऱ्यांत ही गिरणी होती. म्हणजे शिकवलं तर आपली माणसं शिकतात. आज त्या जागेवर मॉल उभा आहे, पण तो वेगळा विषय.

माझे प्रश्न सरळ आहेत. नागपूरच्या आसपास बायोटेकची नेमकी कोणती कामं आहेत? पदवी नसलेल्या चाळिशीच्या माणसाला त्यातलं काय मिळू शकतं? कॉलेज, कंपनी, सरकार आणि आम्ही मिळून काही उभं करता येईल का? ज्याला जे प्रत्यक्ष माहीत आहे ते कृपया लिहा.

उमरेड_लाईन | सोमवार, रात्री १०:०५

भाऊ, पयले त्या पोट्ट्याले सांग, पोत गहाण ठेवू नको. बाकी मंग बोलू.

मायक्रोस्कोप | मंगळवार, सकाळी ७:१५

मी अठरा वर्षं औषध कारखान्यांत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबणार, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

बायोटेक म्हटलं की लोकांना लस, इन्सुलिन, जनुकं आठवतात. त्या प्रकारचे मोठे कारखाने पुणे, बंगळुरू आणि हैदराबादच्या जीनोम व्हॅलीत आहेत. तिथे फरमेंटर असतात, म्हणजे जिवाणू किंवा पेशी वाढवायच्या स्टीलच्या टाक्या. एका छोट्या कुपीतून सुरुवात करून फ्लास्क, मग लहान टाकी, मग मोठी टाकी असं ते वाढवत नेतात. तापमान, आम्लता, विरघळलेला ऑक्सिजन यांच्यावर रात्रंदिवस नजर ठेवायची, फेस आला तर आवरायचा, ठरल्या वेळी नमुना काढायचा. हे काम पाळीत चालतं आणि ते करणारी सगळी माणसं शास्त्रज्ञ नसतात. पण नागपुरात असे मोठे फरमेंटर फारसे नाहीत, आणि शाळेत जाणारी मुलं असलेल्या माणसाला "हैदराबादला जा" असं सांगणं मला योग्य वाटत नाही.

आपल्याकडे काय आहे ते बघा. मिहानमध्ये औषधनिर्मिती आहे. कापसाच्या बियाण्यांच्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत. केळी-बांबूची रोपं करणाऱ्या टिशू कल्चर लॅब आहेत. ट्रायकोडर्मा, रायझोबियमसारखी जैविक खतं आणि बुरशीनाशकं करणारी लहान युनिट्स आहेत. हिंगणा, बुटीबोरीतल्या कारखान्यांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत, आणि तिथे पाणी साफ करतात ते जिवाणूच. हे सगळं जैविक कामच आहे, फक्त पाटीवर "बायोटेक" लिहिलेलं नसतं.

आता तुमच्या माणसांचं. निर्जंतुक विभागात काम करणाऱ्या ऑपरेटरला तीन गोष्टी यायलाच हव्यात. पहिली, गाउनिंग. डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख ठरल्या क्रमाने, जमिनीला न लावता चढवायचा. नंतर पोशाखावरून आणि हातमोज्यांवरून नमुने घेतात, त्यात जंतू वाढले तर पुन्हा प्रशिक्षण. दुसरी, एसओपी, म्हणजे कामाची ठरवून दिलेली लेखी पद्धत, जशी लिहिली आहे तशीच पाळायची, स्वतःची शक्कल लढवायची नाही. तिसरी सगळ्यात अवघड, लिहिणं. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं आमच्याकडे मानतात. चूक झाली तर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर चालत नाही, खाडाखोड चालत नाही, दोन वाजताचं वाचन पाच वाजता आठवून लिहिणं तर अजिबात नाही.

गिरणीतल्या माणसाला यात काय जड जातं हे मी पाहिलं आहे. आमच्या युनिटमध्ये दोघे जण कापडाच्या कारखान्यातून आले होते. यंत्राचा आवाज बदलला की ते आमच्या बी.एस्सी. मुलांच्या आधी ओळखायचे. पण बॅच रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक घाण्याच्या नोंदीचे कागद, इंग्रजीत, आणि लिहायचा सराव नाही, त्यामुळे पहिले दोन महिने दोघेही घाबरलेले असायचे. एकाने तर सोडून जायचं ठरवलं होतं. मग आम्ही रोज जेवणानंतर अर्धा तास कोरे फॉर्म भरून घेतले. त्यात येणारे इंग्रजी शब्द दीडशेच्या वर नव्हते. आज तो विभागात नवीन मुलांना गाउनिंग शिकवतो.

म्हणून तुमच्या कोर्समध्ये डीएनएची चित्रं कमी आणि फॉर्म भरणं जास्त असू द्या.

बॉयलरवाले काका | मंगळवार, सकाळी ९:३०

मायक्रोस्कोप ताईंनी छान लिहिलं. एक भर घालतो. सगळ्यांनी प्रयोगशाळेकडेच बघू नये. अशा कारखान्याच्या पोटात मोठा भाग युटिलिटीचा असतो. शुद्ध पाणी, वाफ, दाबाखालची हवा, एसी. सूतगिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लांट चालवलेला माणूस तिथे अर्धा तयार असतो. दमटपणा हलला की धागा तुटतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. क्लीन रूममध्येही तेच. फक्त तिथे खोल्याखोल्यांतल्या हवेच्या दाबाचा फरक राखायचा असतो, म्हणजे स्वच्छ खोलीतली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. तो फरक पास्कलमध्ये मोजतात आणि लॉगबुकात नोंदतात.

ऑटोक्लेव्हही वाफेचंच भांडं. १२१ अंश, १५ पौंड दाब, आतल्या मालाप्रमाणे ठरलेला वेळ. वाफेशी ज्याची ओळख आहे त्याला हे भीतीदायक नाही.

रिंगफ्रेम, तुमच्या ४२ जणांत बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र असलेला, इलेक्ट्रिशियन किंवा फिटर आयटीआय असलेला कोण आहे त्याची यादी वेगळी काढा. त्यांना तीन महिने वर्गात बसवायची गरज नाही. दोन आठवडे जीएमपी, म्हणजे औषध कारखान्यातले स्वच्छतेचे आणि नोंदींचे नियम, शिकवलं तरी ते मुलाखतीला उभे राहू शकतात.

रिंगफ्रेम | मंगळवार, दुपारी १:१०

काका, लगेच काढली. फिटर चार, इलेक्ट्रिशियन तीन, बॉयलरचं प्रमाणपत्र एकाकडे. ह्युमिडिफिकेशनवर पाच जणांनी काम केलं आहे. ताई, तुमचा फॉर्मचा मुद्दा वाचून मी आज सकाळीच आमच्या गटात विचारलं. "इंग्रजी वाचताना अडखळतो" असं २७ जणांनी सांगितलं. कुणी लपवलं नाही, याचं मला बरं वाटलं.

राले_ते_रामदासपेठ | मंगळवार, रात्री ११:५०

मी मूळ रामदासपेठेचा, वीस वर्षांपासून अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण हाच प्रयोग इथे झालेला आहे.

हे राज्य तंबाखू, फर्निचर आणि कापडावर जगायचं. ३० जुलै २००३ ला पिलोटेक्स ही चादरी-टॉवेल करणारी कंपनी बंद पडली. सगळीकडचे मिळून सहा हजारांहून जास्त लोक एका दिवसात बेकार झाले, त्यातले बरेचसे कॅनापोलिस या गावातले आणि आसपासचे. राज्याच्या इतिहासातली ती सगळ्यात मोठी कामगार कपात मानतात. आजोबा, वडील, मुलगा, तिघेही त्याच गिरणीत, अशी घरं होती. एम्प्रेस मिलच्या परिसरातल्या वस्त्या आठवा, म्हणजे कल्पना येईल.

कपातीनंतर तिथल्या कम्युनिटी कॉलेजांनी या लोकांना शिकवायला घेतलं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मधली संस्था समजा. राज्याच्या बायोटेक्नॉलॉजी सेंटरबरोबर त्यांनी 'बायोवर्क' नावाचा सव्वाशेएक तासांचा कोर्स चालवला, औषध आणि जैव कारखान्यात प्रोसेस टेक्निशियन म्हणून पहिली पायरी चढण्यासाठी. अभ्यासक्रम ठरवताना कारखाने सोबत होते. विन्स्टन-सेलममधल्या फोर्साइथ टेक या कॉलेजनेही तंबाखू-कापड गेलेल्या भागात असंच काम केलं. आयातीमुळे ज्यांची नोकरी गेली त्यांना केंद्र सरकारच्या एका योजनेतून शिक्षणाचा खर्च आणि शिकत असताना घर चालवायला भत्ता मिळत होता. हा भत्ता नसता तर अर्धे लोक पहिल्या महिन्यातच वर्ग सोडून गेले असते, असं माझं मत आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो. बऱ्याच कामगारांकडे शाळा पूर्ण केल्याचा दाखलाच नव्हता. त्यांना आधी तो मिळवावा लागला. त्यातच वर्ष गेलं. बंद गिरणीच्या जागेवर पुढे मोठं संशोधन संकुल उभं राहिलं, २००८ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पण तिथे लागणारी माणसं मुख्यतः पीएच.डी. आणि पदवीधर. गिरणीच्या जागेवर प्रयोगशाळा आली म्हणून गिरणीतला माणूस प्रयोगशाळेत गेला असं झालं नाही. ज्यांना कामं मिळाली त्यांना ती राज्यात इतरत्र आधीपासून चालू असलेल्या कारखान्यांत मिळाली, आणि बरेच जण शेवटी दवाखान्यात, ट्रकवर, दुकानांत गेले.

म्हणून नवीन संकुल, नवीन पार्क यांची घोषणा ऐकून थांबू नका. आज ज्या कारखान्याच्या फाटकावर माणसं हवी आहेत तिथून सुरुवात करा.

उमरेड_लाईन | बुधवार, सकाळी ८:२०

आता मी माह्यं सांगतो. मी बी अशाच एका कोर्सले गेलो होतो. वय तवा ४१. सरकारी योजनेतला होता, फी नव्हती. प्रमाणपत्र भेटलं, फोटो काढला, हार घातले. मंग सात ठिकाणी मुलाखतीले गेलो. सगळीकडे एकच सवाल, बी.एस्सी. हाय का, आणि वय किती. एका ठिकानी तर साहेबानं प्रमाणपत्र उघडून बी पाह्यलं नाई. तीन महिने माही रोजी बुडाली ते येगळंच. बायको शिवणकाम करून घर चालवत होती. मी आता पार्सलच्या गाडीवर हावो.

म्हनून म्हंतो राजेहो, शिकायची आमची ना नाई. पन जो शिकवते त्यानं पयले इचारून यावं का माणूस घेनार कोन, आणि चाळीसच्या वरचा घेनार का. हे लिहून भेटलं तरच वर्ग भरा. नाईतर गरिबाचे तीन महिने जाते.

मायक्रोस्कोप | बुधवार, दुपारी २:००

उमरेड लाईन दादा, तुमच्यासोबत झालं ते चूकच झालं. माझ्यासारख्या आतल्या लोकांचाही त्यात दोष आहे. आम्ही जाहिरातीत "बी.एस्सी." लिहून टाकतो, कारण अर्ज चाळायला सोपं जातं. पॅकिंग, वॉशिंग, निर्जंतुकीकरण, युटिलिटी यांतल्या कितीतरी कामांना ती पदवी लागत नाही. मी आमच्या मनुष्यबळ विभागाशी याबद्दल बोलणार आहे. काय होतं ते इथे लिहीन.

जंबेरी | बुधवार, सायंकाळी ६:४५

मी संत्र्यावाली. काटोलकडे बाग आहे, पण आधी टिशू कल्चर लॅबमध्ये पाच वर्षं होते, म्हणून लिहिते.

त्या १३ जणींसाठी टिशू कल्चरचा विचार नक्की करा. लॅमिनारच्या (गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या कपाटाच्या) समोर बसायचं, चिमटा आणि ब्लेड ज्योतीवर धरून निर्जंतुक करायचं, बाटलीतलं रोप काढून तुकडे करायचे आणि नव्या माध्यमात लावायचे. दिवसाला शेकडो बाटल्या. ज्या बाईने वर्षानुवर्षं तुटलेला धागा चालत्या यंत्रावर बोटांनी सांधला आहे तिचा हात या कामाला बसतो. आमच्या लॅबमध्ये विडी वळलेल्या दोघी होत्या, त्यांचा वेग आणि स्वच्छता सगळ्यांत चांगली होती. बाटलीत बुरशी आली तर ती कुणाच्या हातून आली हे नोंदवहीवरून कळतं, त्यामुळे नाव लिहायची सवय इथेही लागते.

दुसरं, आपल्या संत्र्याचं. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमं तयार करतात. कोंबाचं अगदी टोक, मिलिमीटरपेक्षाही लहान, सूक्ष्मदर्शकाखाली कापून लहानशा खुंटावर बसवतात. विषाणू त्या टोकापर्यंत सहसा पोहोचलेला नसतो, म्हणून झाड निरोगी निघतं. तेवढं बारीक काम तज्ज्ञच करतात. पण पुढे जंबेरी आणि रंगपूर लिंबाच्या खुंटांवर डोळे बांधणं, जाळीच्या घरात रोपं सांभाळणं, प्रत्येक रोपाच्या मातृवृक्षाची नोंद ठेवणं, हे शिकता येण्यासारखं आहे. चांगल्या रोपवाटिकेला अशी माणसं मिळत नाहीत. आम्ही बागवाले रोप घेताना फसतो, तीन-चार वर्षांनी झाड वाळायला लागतं तेव्हा कळतं.

आणि कापूस! तुम्ही आयुष्यभर कापूस हाताळला. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे, १९७६ पासून. बीटी बियाणं खरं की खोटं हे तपासायच्या पट्ट्या त्यांनी तयार केल्या. पानाचा तुकडा द्रावणात चिरडायचा, पट्टी बुडवायची, रेघ उमटते का बघायची. खरिपाच्या आधी बियाण्यांच्या प्रयोगशाळांत उगवण आणि शुद्धता तपासायला हात लागतात. काम हंगामी आहे हे मात्र आधीच सांगा.

पगाराचंही खरं लिहिते. टिशू कल्चरमध्ये सुरुवातीला गिरणीतल्या जुन्या माणसाइतका पगार मिळत नाही. जिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं तिला हे आधी कळलं पाहिजे.

कायदा_कट्टा | गुरुवार, सकाळी १०:३०

रिंगफ्रेम, पैशाच्या बाजूने काही गोष्टी तातडीने तपासा.

एक. तुमच्यापैकी कुणाकडून "स्वेच्छेने राजीनामा" लिहून घेतला आहे का? घेतला असेल तर कपातीचे हक्क मागताना अडचण येते. ज्यांनी सही केलेली नाही त्यांनी आता करू नये.

दोन. कामगार कपात झाली तर पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई, शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. हे जुन्या १९४७ च्या कायद्यातही होतं.

तीन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम त्या निधीत भरायची, आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. तुमची कपात डिसेंबरातली आहे, म्हणजे हे तुम्हाला लागू होतं. कामगार आयुक्तालयाच्या नागपूर कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ही रक्कम पुन्हा शिकण्यासाठीच आहे, ती त्या खासगी कोर्सच्या आधी तुमच्या हातात यायला हवी.

चार. ईएसआयसीचं (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना विचारा. अटी पूर्ण होत असतील तर सरासरी पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत सरकार वाढवत आलं आहे, त्यामुळे शाखा कार्यालयात आजची स्थिती विचारून घ्या. प्रशिक्षणाचे तीन महिने आणि हे ९० दिवस जुळवता आले तर खूप फरक पडेल.

पाच. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं, पण वयाची अट १८ ते ३५. तुमच्यातल्या तरुणांनी चौकशी करावी. पस्तिशीच्या वरच्या माणसासाठी अशी सोय नाही, आणि नोकरी जाण्याचा फटका सगळ्यात जास्त त्यालाच बसतो. हा मुद्दा लोकप्रतिनिधींपर्यंत लेखी पोहोचवा.

रिंगफ्रेम | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:१५

मंडळी, उशीर झाला, पण रिकाम्या हाताने आलेलो नाही.

पोत गहाण पडली नाही. चौघांनीही तो कोर्स सोडला.

४२ पैकी २५ जणांनी राजीनाम्यावर सही केली नव्हती. त्यांचे अर्ज दिले, पोच घेतली. उरलेल्या सतरा जणांची कागदपत्रं कायदा कट्टा स्वतः तपासत आहेत, त्यांचे किती आभार मानू.

काकांनी सांगितलेल्या यादीतले आठ जण वेगळे केले. काका स्वतः दोन रविवार आले आणि माझ्या अंगणात त्यांना लॉगबुक भरायला शिकवलं. त्यातल्या तिघांना एका औषध कारखान्यात युटिलिटीच्या मुलाखतीला बोलावलं. दोघे लागले. त्यातला इलेक्ट्रिशियन ४४ वर्षांचा आहे, हे उमरेड लाईन दादांसाठी मुद्दाम लिहितो.

एका विज्ञान महाविद्यालयात गेलो. विभागप्रमुख बाईंनी तासभर ऐकून घेतलं. त्यांची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा दुपारी चारनंतर आणि मे महिन्यात रिकामी असते. ती द्यायला त्या तयार आहेत, रसायनांचा खर्च कोणी उचलला तर. त्यांनी एक चांगली गोष्ट सुचवली. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची आरपीएल म्हणून जी सोय आहे, तिच्यात आमच्या यंत्रावरच्या लोकांना बसवता येईल का ते त्या बघत आहेत.

दोन टिशू कल्चर लॅबना भेटलो. एकीने सरळ नाही म्हटलं. दुसरीने सांगितलं, पाच बायांना महिनाभर आमच्याकडे बसवतो, त्या काळात दिवसाला ३०० रुपये देतो, हात बसला तर ठेवतो. मी ते लिहून मागितलं. त्यांनी लेटरहेडवर दिलं. ते पत्र घरी आणून आमच्या गटात वाचून दाखवलं तेव्हा दोघी रडल्या.

अडलंय कुठे तेही सांगतो. कामठीकडच्या तिघींना पहाटेच्या पाळीला पोहोचायला साधन नाही. मेट्रोने खापरीपर्यंत येता येतं, पुढचं काय? आणि पन्नाशीच्या सहा जणांना कुठेच होकार मिळालेला नाही. त्यांना सांडपाणी केंद्रावरच्या कामासाठी विचारतो आहे. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्या शहरात १९५८ पासून आहे, पाण्याच्या कामातली इतकी जाणती माणसं इथे राहतात. त्यातलं कुणी निवृत्त हा धागा वाचत असेल तर आमच्या या सहा जणांना चार दिवस एखाद्या केंद्रावर उभं करून गाळ, हवा, नमुना एवढं शिकवाल का? शिकायची त्यांची तयारी आहे.

मायक्रोस्कोप | रविवार, रात्री ९:००

आमच्याकडून: वॉशिंग आणि पॅकिंगच्या पुढच्या भरतीत पदवीची अट काढली आहे. बारावी आणि लेखी चाचणी. वयाच्या अटीवर अजून बोलणी चालू आहेत, ती मी सोडलेली नाही. फॉर्म भरायच्या सरावासाठी पन्नास कोरे नमुने छापून देते, मराठी अर्थांसकट. शनिवारी कॉलेजात दोन तास मी येईन.

उमरेड_लाईन | रविवार, रात्री ९:२०

४४ चा लागला म्हंता? भाऊ, माह्याकडे फिटरची आयटीआय हाय. ते प्रमाणपत्र बी पेटीतच हाय. येऊ का शनिवारी?

रिंगफ्रेम | रविवार, रात्री ९:२६

दादा, या की. चार वाजता, मुख्य फाटकाजवळ मी उभा असतो. दोन्ही प्रमाणपत्रं घेऊन या आणि वाचायचा चष्मा असेल तर तोही आणा, लेबलवरचा बारीक मजकूर वाचायचा सराव आहे.

जंबेरी | रविवार, रात्री ९:४०

कामठीच्या तिघींचं: आमच्या बाजूच्या रोपवाटिकेची गाडी पहाटे पाचला ऑटोमोटिव्ह चौकातून निघते. चालकाशी बोलून उद्या कळवते.